रिंग खाल्ली!

बोईसरच्या बाजारात भर रस्त्यात एखाद्या म्हाताऱ्याने तुमच्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारली आणि "खाल्लीस! रिंग खाल्लीस!" असं ओरडला, तर घाबरू नका. तुम्ही कुणाचं काही खाल्लेलं नाही. गियर टाकताना तुमच्या गाडीने खर्रर्र असा आवाज केला आणि तो हरेश्वरकाकांच्या कानावर पडला, एवढंच. हातातला अर्धा चहा तसाच टाकून ते धावत आले असतील. पांढरा सदरा, खाकी पँट, पायात कंपनीने निवृत्तीच्या वेळी दिलेले बूट, आणि चेहरा असा, की तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहिणीला चिमटा काढलाय.

मला हा माणूस आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा नको.

मी पामला राहते आणि बोईसरच्या एका शाळेत गणित शिकवते. काका आमच्याच आळीत. आमचं घर पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, आणि टाकीचं वळण घेतलं की पलीकडे शेवटचं घर त्यांचं. तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीची स्टाफ-बस त्यांनी आयुष्यभर चालवली. पहिल्या पाळीची माणसं बसमध्ये पेंगत, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे एकाही माणसाची झोप त्यांच्या गियरने कधी मोडली नाही. साक्षीला कोण, तर झोपलेली माणसं! पण विचारायची सोय नाही. विचारलंत की ते खिशातून एक पितळी कडं काढतात. बांगडीएवढं, बाहेरून बारीक दाते. हीच ती रिंग.

"ही बगा बाई," ते मला म्हणाले होते, "गियरबॉक्समदी दोन दातेरी चाकं. येक जोरात फिरतं, येक हळू. येकदम भेटली की दातावर दात. खर्रर्र! म्हनून मदी ही पितळेची. ही आधी जाऊन हळूच घासते. सांगते दोगांना, आधी येका चालीनं चाला, मंग हात धरा. पितळ नरम असतं ना, सोता झिजते, पन आवाज होऊ देत नाय."

"म्हणजे सासू-सुनेच्या मधला नवरा," मी म्हटलं.

"नवरा नाय झिजत येवढा," ते म्हणाले आणि रिंग सदऱ्याला पुसून खिशात ठेवली.

तर ही रिंग. गियर वाजला म्हणजे तुम्ही रिंग झिजवलीत, म्हणजेच खाल्लीत. आता हे बसमध्ये म्हणावं, गॅरेजमध्ये म्हणावं. पण वाणगावला माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता, आमची सगळी आळी गेलेली, आणि हल्ली साखरपुड्याला सगळे रिंग सेरेमनी म्हणतात. मुलाने नुकताच पेढा तोंडात टाकलेला. डबी उघडून आता अंगठी काढणार, तेवढ्यात बाहेर कुणीतरी टेम्पो रिव्हर्सला टाकला. खर्रर्र! आणि तिसऱ्या रांगेतून काका उठून गरजले, "रिंग खाल्ली!"

मुलाच्या आईने आधी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. तोंड भरलेलं. तिने किंचाळून त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला, की पेढा भटजींच्या मांडीवर पडला. नणंदेच्या सासरचे अजूनही मला विचारतात, "ते रिंगवाले तुमचेच ना?" आमचे! माझे कोण लागतात ते?

बरं, शांतता एवढी प्रिय, तर बॅटरीवरच्या रिक्षा आल्यावर या माणसाने पेढे वाटायला हवे होते. त्यांना ना गियर, ना आवाज. पण नाही. स्टेशनाबाहेर तसली रिक्षा सुळकन बाजूने गेली, की काका दचकून बाजूला होतात आणि तोंड वाकडं करतात. "मुकी गाडी," म्हणतात. मी एकदा सुनावलं, "काका, तुम्हाला शांतच हवं असतं ना?"

"शांत येगळं बाई," ते म्हणाले, "मुकं येगळं."

याला काही अर्थ आहे का? मी ऐकून सोडून दिलं. नववीच्या वर्गाला शिकवून शिकवून मला बिनअर्थाची उत्तरं ऐकायची सवय आहे.

आता माझ्याच मूर्खपणाकडे येते. आम्ही एक जुनी गाडी घेतली. आमचे हे नोकरीनिमित्त बाहेरगावी, म्हणजे चालवणार मी. "हरेश्वरकाकांकडे शीक, फुकट शिकवतात," असं आळीतल्या सगळ्यांनी सांगितलं. फुकट का शिकवतात ते कुणी सांगितलं नाही. काकांनी माझ्या गाडीला हातही लावला नाही. त्यांच्या जुन्या पांढऱ्या व्हॅनवर शिकायचं, अशी अट. कारण म्हणे, "बऱ्या गाडीवर शिकाल तर गियर गाडीच टाकंल. तुमी काय शिकनार?"

पहिले चार दिवस तर व्हॅनसुद्धा नाही. घरी पिठाचा डबा घ्यायचा, त्यात लाटणं उभं खोचायचं, आणि पाय जमिनीवर दाबत म्हणायचं: क्लच, न्युटल, सोडा, दम घ्या, परत क्लच, दुसरा. लाटणं पिठातून असं सरकलं पाहिजे, की पीठ उडता कामा नये. मी, वीस वर्षं बीजगणित शिकवलेली बाई, स्वयंपाकघरात लाटण्याला "दम घे, दम घे" म्हणत बसलेली. शेजारीण साखर मागायला आली ती न मागताच परत गेली.

मग व्हॅन. खर्रर्र! "खाल्लीत!" पुन्हा खर्रर्र! "बाई, गियर ढकलायचा नसतो, इचारायचा असतो!" हे सगळं खिडकीची काच खाली करून, पाम ते बोईसर, माझ्या शाळेच्या फाटकासमोरून. चार महिने. शाळेतल्या पोरांनी माझं नाव ठेवलं 'खर्रबाई'. फळ्याकडे तोंड केलं की मागून बारीक आवाज यायचा, खर्रर्र. लायसन्स मिळालं, माझी गाडी मी चालवू लागले, पण नाव काही गेलं नाही.

या सगळ्या काळात हिराकाकी, म्हणजे काकांची बायको, आत खिडकीजवळ खुर्चीत बसलेल्या असायच्या. मूळच्या एडवणच्या. चाळिशीत व्हॅन चालवायला शिकल्या आणि दांडी-नवापूरची मासळी बोईसरच्या बाजारात आणून विकू लागल्या. बाजारात त्यांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोलंबीला कुणी नावं ठेवली, तर त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार व्हायचा. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि तो आवाजही गेला. त्यानंतर त्यांच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नव्हता. काका सोबत असले की तेच बोलत. मी मनात म्हणायचे, बरोबर आहे, या माणसाने दुसऱ्याला बोलायला जागा ठेवली असेल तर ना! हे मी मनात म्हणायचे, हे इथे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण म्हणायचे.

मग एका संध्याकाळी देव पावला. मी ओट्यावर पेपर तपासत होते. काकांची व्हॅन बाजारातून परत आली, टाकीच्या वळणावर तिसऱ्यावरून दुसरा गियर पडला, आणि खर्रर्र!

मी पेनच खाली ठेवलं. काका! स्वतः! दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच वेळी बसले. पुन्हा खर्रर्र. पंधरा दिवस पाळत ठेवली. बाकी सगळीकडे लोण्यासारखा गियर, आणि स्वतःच्या दारात येताना रोज, अगदी न चुकता, खर्रर्र. वर तऱ्हा अशी, की आवाज झाला की गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून कान टवकारायचा. स्वतःचीच चूक असा कान देऊन ऐकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

सोळाव्या दिवशी मी रस्त्यात उभी राहिले. "काय काका, खाल्लीत ना रिंग?"

काका गोरेमोरे झाले. "दुसऱ्या गियरची रिंग गेलीय व्हॅनची," पुटपुटले.

"कधीपासून?"

"झाली चारपाच वर्षं."

म्हणजे बघा! चार महिने ज्या खरखरीवरून माझी आळीभर शोभा झाली, ती रिंग मी हात लावायच्या आधीच गेलेली होती! "मग बदलून का नाही घेत?" मी विचारलं.

"असू दे."

"लोकांना भर बाजारात पकडता, आणि—"

"असू दे म्हनलं ना बाई," असं म्हणून ते खाली मान घालून निघून गेले. मी ही बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत पोचवली. एकूण एक घरी.

पुढच्या महिन्यात काकांचं पालघरला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, गाडी चालवायला बंदी. व्हॅनच्या गियरबॉक्समधून ऑइल गळत होतं, म्हणून ती तेवढ्यात बोईसरला मुन्ना मिस्त्रीकडे टाकलेली. आठ दिवसांनी काका आमच्या दारात आले. चेहरा उतरलेला. मला वाटलं डोळा दुखत असेल.

"बाई, मुन्नाकडनं गाडी आनाल का? उद्या सांजच्याला?"

"आणते की."

"आनि येक करा." ते जरा घुटमळले. "टाकीच्या वळनावर दुसरा गियर टाकाल ना, तो तुमच्या पद्धतीनं टाका."

माझ्या पद्धतीनं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक डोळा बांधलेला, गरज यांना, काम माझ्याकडे, आणि तरी टोमणा सुटत नाही! दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक मुन्नाकडे गेले. गियरबॉक्स अजून खालीच होता.

"मुन्ना, सेकंड का रिंग भी बदल दो. नया डालो."

मुन्ना हात पुसत म्हणाला, "मैडम, चाचा ने मना किया है. तीन बार बोला, रिंग को हाथ नहीं लगाना."

"चाचा को मैं देखती हूँ. पैसा मेरा. डालो."

त्याने खांदे उडवले आणि टाकली. त्या संध्याकाळी मी व्हॅन घेऊन निघाले ती नवरदेवाच्या थाटात. टाकीचं वळण आलं. तिसऱ्यावरून दुसरा. आवाज म्हणून नाही! दांडा जणू स्वतःच वाट काढत गेला. मी काकांच्या दारात गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला. म्हटलं, आता बघते या उस्तादाचं तोंड.

काका ओट्यावर उभेच होते. पायऱ्या उतरून आले, एका डोळ्याने माझ्याकडे, मग गाडीकडे बघितलं. "बाई, वाजला नाय?"

"वाजेल कसा? नवी रिंग टाकून आणलीय. माझ्याकडून भेट!"

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. बॉनेटवर नुसता हात ठेवून उभे राहिले. मग माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "येकदा मागं घ्या. परत या." घेतली. आले. शांत. "परत." शांत. "आता क्लच न दाबता टाका." टाकला, तर व्हॅन तीन गचके देऊन बंद पडली. काकांनी खिडकीतून डोकं काढून घराकडे कान लावला. आतून काही नाही.

"काका, काय झालं?"

ते समोरच्या काचेतून बघत राहिले. "ही गाडी तिची बाई. अकरा वर्षं तिनं चालवली. ही दुसऱ्याची रिंग तिनंच खाल्लेली. टाकीच्या वळनाला रोज खर्रर्र. मी रजेवर असलो की ओट्यावरनं वरडायचा, रिंग खाल्ली! ती मला शिव्या घालायची, मंग दोगं चहा प्यायचो. लकवा झाला नि बोलनं गेलं. डागदर बोलला, बोलतं करा तिला. मी बोलून बोलून दमलो. नावं सांगितली, देवाची गानी म्हनली. काय नाय. येक दिस माजं ध्यान नव्हतं, टाकीपाशी माज्याकडनंच दुसरा वाजला. आनि आतनं आवाज आला."

"काय?"

"रिंग खाल्ली." त्यांनी नाक पुसलं. "तेवडंच बोलते. दिसातनं येकदा. गियर वाजला तरच. तवापासून मी रोज वाजवतो. आता आठ दिस गाडी बंद, तर आठ दिस ती गप. म्हनून तुमाला म्हनलं, तुमच्या पद्धतीनं टाका."

माझ्या अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं झालं. "सरळ का नाही सांगितलंत मला?"

"काय सांगू? सगल्या बोईसरला ज्याच्यावरनं वरडतो, ते सोता रोज मुद्दाम करतो म्हनून?"

आणि मी तर ते आधीच आळीभर सांगून आले होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि सकाळीच व्हॅन घेऊन मुन्नाकडे जाऊन उभी राहिले. जुनी रिंग? "वो तो पीतल में गया, मैडम. अभी भंगार वाला बोरी ले के गया." भंगारवाल्याचं दुकान गाठलं. त्याने पोत्याकडे बोट दाखवलं. नळ, घंटा, कुलपं, समया, आणि कुणाकुणाच्या गाड्यांच्या ढीगभर रिंगा. मुन्ना खोललेल्या वस्तूंवर पंच ठोकून खूण करतो, आणि काकांच्या रिंगवर तीन ठिपके आहेत, एवढी त्याने माहिती दिली होती. मी इस्त्रीच्या साडीत गोणपाटावर बसले आणि पोतं उपसायला लागले.

तेवढ्यात एका विद्यार्थिनीची आई समोरून जाताना थबकली. "अगंबाई, बाई तुमी! काय हरवलं?"

"रिंग."

"सोन्याची?"

"नाही हो. खाल्लेली."

ती पाठीमागे वळून बघत बघत गेली. बघू दे. बारा वाजून गेल्यावर तीन ठिपके सापडले. दाते पार बोथट, एका बाजूला गुळगुळीत. मी ती साडीच्या पदराला पुसली, मग लक्षात आलं मी काय करतेय.

मुन्नाने रिंग हातात घेऊन उलटसुलट केली. "मैडम, खराब निकाल के अच्छा डालते हैं. अच्छा निकाल के खराब कोई नहीं डलवाता."

"डालो."

"दूसरी कोई घिसी हुई डाल दूँ? आवाज़ तो वो भी करेगी."

"नहीं. यही. वो पहचानती है."

"चाचा का दिमाग़ हिला हुआ है, ये तो मालूम था," मुन्ना म्हणाला, माझ्याकडे बघितलं आणि पुढचं गिळलं.

काम व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या संध्याकाळी मी काकांना माझ्या गाडीतून मुन्नाकडे नेलं, आणि तिथून आम्ही दोघं व्हॅनने निघालो. कारण गियर वाजल्यावर गाडीतून काकाच उतरून घरात जायला हवे होते. वाटेत मला एकच घोर. काकी अकरा दिवस गप्प होत्या. आता नाही बोलल्या तर? शब्द कायमचाच गेला असला तर? तो माझ्या तोऱ्यापायी गेला, हे मी कुणाला सांगणार होते?

टाकी दिसली. आणि भीतीने माझं डोकं चालेना, तेव्हा पायच आपोआप चालले. क्लच, न्युटल, सोडा, दम घ्या, परत क्लच, दुसरा.

गियर पडला. गुपचूप. पिठातल्या लाटण्यासारखा. पीठसुद्धा उडालं नाही.

चार महिने शिकून, शिव्या खाऊन जो मला एकदाही जमला नव्हता, तो.

काकांनी एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "आज?" ते म्हणाले. "बाई, आजच शिकलात?"

मला हसू की रडू कळेना. गाडी मागे घेतली, पार आमच्या घरापर्यंत. पुन्हा निघाले. तिसरा टाकला. टाकी आली. आणि मी न विचारता, दम न घेता, माझ्या खास पद्धतीने तो दांडा धाडकन खाली ओढला.

खर्रर्र!

मी इंजिन बंद केलं. काकांनी त्यांच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी माझ्या. बराच वेळ काही नाही. कुणाच्या तरी अंगणात बोंबील वाळत होते, त्यावर कावळे भांडत होते. मला त्या कावळ्यांना दगड मारावासा वाटला.

मग आतून खुर्ची करकरली. वाकड्या झालेल्या तोंडातून, एकेक अक्षर ओढत, पण बाजारातल्या त्याच ठसक्यात आवाज आला.

"रिं... रिंग... खाल्ली!"

काका दार उघडून उतरले. दार लावायचंही विसरले. बांधलेल्या डोळ्याला पाणी लागू नये म्हणून दुसरा डोळा बाहीने पुसत, अंगणातूनच मोठ्याने म्हणाले, "खाल्ली गं हिरा, खाल्ली! चुकलं माजं. उद्या नीट टाकीन."